‘ॲडव्हाइसेस’, ‘अ गुड न्यूज’, ‘माय हेअर्स आर’: तीच चूक पुन्हा का होते आणि ती कशी थांबवायची

इंग्रजी वाचता येते, बोलताना फारसे अडत नाही, काळही बऱ्यापैकी सांभाळले जातात. तरी लिहिलेला मजकूर कुणी तपासून दिला की लाल खुणा त्याच त्या जागी दिसतात. ‘ॲडव्हाइसेस’मधला शेवटचा एस खोडलेला असतो. ‘अ गुड न्यूज’मधला सुरुवातीचा अ खोडलेला असतो. ‘माय हेअर्स आर’च्या जागी ‘माय हेअर इज’ आलेले असते. दुरुस्ती पटते, लक्षातही राहते, आणि पुढच्याच मजकुरात ‘इक्विपमेंट्स’ लिहिले जाते, कारण दुरुस्ती एका शब्दाची झालेली असते, सवयीची नाही.

काउंटेबल आणि अनकाउंटेबल नामांचा हा घोळ मराठीत विचार करणाऱ्यांच्या इंग्रजीत फार चिवट असतो. त्यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: अनकाउंटेबल शब्दांची यादी पाठ करा. यादी पाठ होते आणि चूक तिथेच राहते. माझे स्पष्ट मत आहे की दोष शिकणाऱ्याच्या स्मरणशक्तीत नाही, त्याला दिलेल्या व्याख्येत आहे.

आधी व्याख्या बदला

बहुतेकांना शिकवलेली व्याख्या अशी: जे मोजता येते ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. ऐकायला सोपी, पण वापरायला गेले की फसवते. पैसे आपण मोजतोच, तरी इंग्रजीत ‘मनी’ अनकाउंटेबल. खोलीतल्या खुर्च्या, टेबले, कपाटे मोजता येतात, तरी ‘फर्निचर’ अनकाउंटेबल. प्रवासाला निघताना बॅगा मोजूनच घेतल्या जातात, तरी ‘लगेज’ अनकाउंटेबल. उलट ‘आयडिया’ डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण ती बिनदिक्कत काउंटेबल: ‘आय हॅव टू आयडियाज.’ ‘प्रॉब्लेम’, ‘रीझन’, ‘सजेशन’ यांचेही तसेच.

म्हणजे वस्तू मोजता येते की नाही, याच्याशी इंग्रजीला कर्तव्य नाही. प्रश्न शब्दाचा आहे: त्या शब्दाच्या अर्थात ‘एक नग’ बसलेला आहे का? ‘चेअर’ म्हटले की एक खुर्ची डोळ्यांपुढे येते. ‘फर्निचर’ म्हटले की एक काय येते? खुर्ची म्हणावी तर कपाट राहिले, कपाट म्हणावे तर पलंग राहिला. तो शब्द सगळ्या प्रकाराचे मिळून एक नाव आहे, त्यात सुटा नग नाही. सुटा नगच नसेल तर ‘अ’ कशाला लागणार आणि एस कशाचे अनेकवचन करणार? ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘ज्वेलरी’, ‘मशिनरी’, ‘स्टेशनरी’, ‘ट्रॅफिक’, ‘क्लोदिंग’ हे सगळे शब्द या एका जातीचे आहेत. शब्द समूहाचे नाव आहे आणि समूहातल्या वस्तूला वेगळे नाव आहे, एवढे ध्यानात आले की यादीतला मोठा भाग आपोआप सुटतो.

‘ॲडव्हाइस’, ‘इन्फॉर्मेशन’, ‘नॉलेज’, ‘एव्हिडन्स’, ‘रिसर्च’, ‘प्रोग्रेस’ यांना इंग्रजी पाण्यासारखे वागवते: कमी असेल, जास्त असेल, पण एक-दोन-तीन नसेल. असे का? याचे तर्काने उत्तर शोधू नका, कारण हा तर्क नाही, त्या भाषेची रीत आहे. फ्रेंचमध्ये सल्ल्याचे अनेकवचन होते, माहितीचेही होते आणि डोक्यावरच्या केसांसाठी मराठीसारखेच अनेकवचन वापरतात. जर्मनमध्येही ‘इन्फॉर्मेशन’ला अनेकवचन आहे. त्यामुळे फ्रेंच आणि जर्मन माणसेही इंग्रजी लिहिताना ‘इन्फॉर्मेशन्स’ लिहून बसतात. डॅनिश भाषातज्ज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये नामांच्या या दोन जाती मांडल्या, तेव्हा एकच कल्पना एका भाषेत मोजणीत येते आणि दुसरीत येत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. आपल्याला ‘सल्ले’ म्हणावेसे वाटते यात विचाराची काही चूक नाही. इंग्रजीची वहिवाट तेवढी वेगळी आहे.

मराठी नेमकी कुठे आड येते

हा भाग नीट पाहण्यासारखा आहे, कारण चूक इथूनच परत परत उगवते.

पहिली जागा म्हणजे आपला ‘एक’. मराठीत ‘एक’ नेहमी मोजण्यासाठी नसतो, बोलणे मवाळ करण्यासाठीही येतो. ‘एक काम होतं.’ ‘एक मदत हवी होती.’ ‘एक माहिती द्यायची होती.’ ‘एक चांगली बातमी आहे.’ या वाक्यांतला ‘एक’ काढला तरी अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र तोच ‘एक’ सरळ आर्टिकल होऊन बसतो: ‘आय हॅव अ वर्क’, ‘आय नीड अ हेल्प’, ‘आय हॅव ॲन इन्फॉर्मेशन’, ‘देअर इज अ गुड न्यूज’. चारही चूक. ‘आय हॅव सम वर्क’, ‘आय नीड सम हेल्प’, ‘आय हॅव सम इन्फॉर्मेशन’, ‘देअर इज सम गुड न्यूज’ हे बरोबर. म्हणजे मराठीतल्या या मवाळ ‘एक’च्या जागी इंग्रजीत बहुतेक वेळा ‘सम’ येतो. एवढी एकच सवय लागली तरी बोलण्यातल्या कितीतरी चुका जातात.

दुसरी जागा अनेकवचनाची. ‘सल्ले’, ‘पुरावे’, ‘दागिने’, ‘यंत्रे’, ‘बातम्या’, ‘केस’, ‘पैसे’, ‘कामे’ ही सगळी मराठीत सरळ अनेकवचने आहेत, क्रियापदही अनेकवचनी घेतात. ‘केस पांढरे झाले’ हे वाक्य मनात असताना ‘हेअर’ला एस लागतो आणि क्रियापद ‘हॅव’ होते. ‘पैसे संपले’ मनात असताना ‘द मनी आर ओव्हर’ निघते. पाहिजे ते ‘माय हेअर हॅज टर्न्ड ग्रे’ आणि ‘द मनी इज गॉन’.

गंमत अशी की ‘माहिती’ आणि ‘सामान’ यांचे अनेकवचन आपण मराठीतही करत नाही. ‘माहित्या’ कुणी म्हणत नाही, ‘सगळे सामान’ म्हणूनच भागते. तरीही ‘इन्फॉर्मेशन्स’ आणि ‘लगेजेस’ लिहिले जाते, कारण ‘बरेच काही असेल तर एस लावायचा’ हा इंग्रजीचा पहिला धडा डोक्यात पक्का बसलेला असतो. इथे मराठीचे ऐकले असते तर चूक टळली असती.

तिसरी जागा ‘किती’ आणि ‘खूप’ यांची. मराठीत किती पाणी आणि किती माणसे, खूप वेळ आणि खूप वेळा, सगळीकडे शब्द एकच. इंग्रजीत ‘मच’ आणि ‘मेनी’, ‘लिटल’ आणि ‘फ्यू’, ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’, ‘अमाउंट’ आणि ‘नंबर’ अशी फाळणी आहे.

चौथी जागा आर्टिकलची. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ‘मी गाडी घेतली’चे ‘आय बॉट कार’ होते. आपण अनकाउंटेबलला नको तिथे ‘अ’ लावतो आणि काउंटेबलला हवा तिथे लावत नाही. दिसायला या दोन चुका, मूळ एकच. काउंटेबल नाम एकवचनात असेल तर त्याला उघडे सोडता येत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ असे काहीतरी पाहिजेच. ‘बाय कार’, ‘ॲट स्कूल’, ‘इन बेड’ असे ठरलेले वाक्प्रचार तेवढे अपवाद.

चूक एका जागी राहत नाही

शब्दाची जात चुकली की परिणाम वाक्यभर पसरतो. हे वाक्य पाहा: ‘ही गेव्ह मी मेनी ॲडव्हाइसेस अँड दे वेअर व्हेरी युजफुल.’ यात ‘मेनी’ चूक, एस चूक, ‘दे’ चूक आणि ‘वेअर’ही चूक. तपासणारा बहुतेक वेळा फक्त एस खोडतो आणि लिहिणाऱ्याला वाटते, झाले. नीट वाक्य असे होईल: ‘ही गेव्ह मी अ लॉट ऑफ ॲडव्हाइस अँड इट वॉज व्हेरी युजफुल.’

यातले सर्वनाम सगळ्यात जास्त निसटते. ‘व्हेअर इज द लगेज?’ असे बरोबर विचारून पुढच्याच वाक्यात ‘पुट देम हिअर’ म्हणणारे पुष्कळ आहेत, कारण डोळ्यांसमोर चार बॅगा असतात. ‘लगेज’ म्हटले की पुढे ‘इट’च.

मुख्य दुरुस्ती: सुटा शब्द नाही, जोडी

माझा सगळ्यात जास्त भर या उपायावर आहे. अनकाउंटेबल शब्द एकटा शिकू नका. त्याच्याबरोबर, जवळच्या अर्थाचा पण मोजता येणारा शब्द शिका. चूक होते ती बहुधा एकाच वेळी: आपल्याला एक किंवा दोन असे म्हणायचे असते आणि हाताशी शब्द मात्र अनकाउंटेबल असतो. त्या क्षणी दुसरा शब्द तयार असला की अडचणच येत नाही.

‘वर्क’ आठवला की ‘जॉब’ किंवा ‘टास्क’ आठवला पाहिजे: ‘आय हॅव टू टास्क्स लेफ्ट.’ ‘ॲडव्हाइस’बरोबर ‘सजेशन’ किंवा ‘टिप’. ‘इन्फॉर्मेशन’बरोबर ‘डिटेल’ किंवा ‘फॅक्ट’. ‘लगेज’बरोबर ‘बॅग’, ‘सूटकेस’. ‘ट्रॅव्हल’बरोबर ‘ट्रिप’ आणि ‘जर्नी’. ‘होमवर्क’बरोबर ‘असाइनमेंट’ किंवा ‘एक्सरसाइज’. ‘मशिनरी’बरोबर ‘मशीन’, ‘पोएट्री’बरोबर ‘पोएम’, ‘व्होकॅब्युलरी’बरोबर ‘वर्ड’, ‘सीनरी’बरोबर ‘व्ह्यू’, ‘ट्रॅफिक’बरोबर ‘व्हेइकल’, ‘मनी’बरोबर ‘कॉइन’ आणि ‘नोट’, ‘एव्हिडन्स’बरोबर ‘क्लू’, ‘रिसर्च’बरोबर ‘स्टडी’, ‘परमिशन’बरोबर ‘परमिट’. शेवटच्या जोडीत अर्थ थोडा सरकतो: ‘परमिशन’ म्हणजे परवानगी, ‘परमिट’ म्हणजे परवान्याचा कागद. जोड्या तंतोतंत समानार्थी नसतात, एवढे भान ठेवले की पुरे.

जोडी नसेल किंवा तोच शब्द हवा असेल तर ‘पीस ऑफ’ आहे: ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘अ पीस ऑफ फर्निचर’, ‘अ पीस ऑफ इक्विपमेंट’. अनेकवचन ‘पीस’चे करायचे, मागचा शब्द तसाच: ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’. कपड्यांसाठी ‘ॲन आयटम ऑफ क्लोदिंग’, कागदासाठी ‘अ शीट ऑफ पेपर’, साबणासाठी ‘अ बार ऑफ सोप’, विजेसाठी ‘अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग’, नशिबासाठी ‘अ स्ट्रोक ऑफ लक’. पण या रचनेचा मारा करू नका. दर वाक्यात ‘अ पीस ऑफ इन्फॉर्मेशन’ आले की मजकूर जड होतो. इंग्रजी ही मातृभाषा असलेली माणसे अशा वेळी सरळ ‘सम इन्फॉर्मेशन’ म्हणतात किंवा शब्दच बदलतात. नग मोजणे खरोखर गरजेचे असेल तेव्हाच ‘पीस ऑफ’ वापरावे.

विशेषणाचा सापळा

नियम माहीत असलेलेही इथे घसरतात. ‘ॲडव्हाइस’ला ‘अ’ लागत नाही हे ठाऊक असते. मध्ये विशेषण आले की हात आपोआप ‘अ’ लिहितो. ‘अ गुड ॲडव्हाइस’, ‘अ हेवी ट्रॅफिक’, ‘अ ग्रेट प्रोग्रेस’, ‘अ बॅड वेदर’, ‘ॲन इम्पॉर्टंट इन्फॉर्मेशन’. याचे कारण कानात बसलेली लय आहे: ‘अ गुड बॉय’, ‘अ बिग हाउस’ ऐकून ऐकून वाटते की विशेषणाआधी ‘अ’ असतोच. पण ‘अ’ विशेषणाचा नसतो, नामाचा असतो. विशेषणावर बोट ठेवून ते झाका आणि उरलेले वाचा. ‘अ ट्रॅफिक’? नाही. मग ‘अ हेवी ट्रॅफिक’ही नाही. ‘व्हॉट अ लव्हली वेदर!’ हे उद्गार फार ऐकू येतात. पाहिजे ‘व्हॉट लव्हली वेदर!’

याला थोडे अपवाद आहेत आणि ते नेमके प्रतिष्ठित वाक्यांत येतात, म्हणून गोंधळ वाढतो. ‘अ गुड नॉलेज ऑफ फ्रेंच’, ‘अ गुड एज्युकेशन’, ‘यू हॅव बीन अ ग्रेट हेल्प’ ही तिन्ही बरोबर आहेत. ‘व्हॉट अ रिलीफ!’, ‘व्हॉट अ पिटी!’ हीसुद्धा. यांना वाक्प्रचार म्हणून जसेच्या तसे उचला. यांच्यावरून ‘अ गुड प्रोग्रेस’ बरोबर असेल असा निष्कर्ष काढू नका, तिथे मुभा नाही.

दडलेला ‘एक’

काही शब्दांच्या पोटात ‘एक’ दडलेला असतो आणि तो दिसत नसल्याने तपासतानाही सुटतो. ‘अनदर’ घ्या. तो ‘ॲन’ आणि ‘अदर’ मिळून झाला आहे, त्यामुळे ‘अनदर ॲडव्हाइस’ म्हणजे पुन्हा ‘ॲन ॲडव्हाइस’च झाले. तिथे ‘सम मोअर ॲडव्हाइस’ म्हणायचे. ‘एव्हरी’ आणि ‘ईच’ यांना एकेक नग लागतो, म्हणून ‘एव्हरी इन्फॉर्मेशन’ चूक, ‘ऑल द इन्फॉर्मेशन’ बरोबर. ‘सेव्हरल’, ‘बोथ’, ‘दीज’, ‘दोज’ यांना अनेकवचन लागते, म्हणून ‘दीज इक्विपमेंट’ चूक, ‘धिस इक्विपमेंट’ बरोबर.

या सगळ्यांत अवघड म्हणजे ‘वन ऑफ द’. अर्ज, अहवाल, निबंध लिहिताना ‘वन ऑफ द मोस्ट इम्पॉर्टंट…’ ही सुरुवात सगळ्यांना आवडते. तिच्यानंतर येणारे नाम अनेकवचनी काउंटेबलच असावे लागते. ‘वन ऑफ द मोस्ट इम्पॉर्टंट रिसर्च’ असे लिहिता येणार नाही आणि ‘रिसर्चेस’ लिहूनही ते सुधारणार नाही. ‘वन ऑफ द मोस्ट इम्पॉर्टंट स्टडीज’ लिहा. इथेही जोडीच उपयोगी पडते.

मच, मेनी आणि सुरक्षित शब्द

नियम सरळ आहे: ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘फ्यूअर’, ‘नंबर’ अनेकवचनाबरोबर, ‘मच’, ‘लिटल’, ‘लेस’, ‘अमाउंट’ अनकाउंटेबलबरोबर. घाईत आठवत नसेल तर दोन्हीकडे चालणारे शब्द वापरा: ‘अ लॉट ऑफ’, ‘सम’, ‘एनी’, ‘मोअर’, ‘एनफ’, ‘प्लेंटी ऑफ’, ‘नो’. शिवाय साध्या होकारार्थी वाक्यात ‘मच’ तसाही अवघडलेला वाटतो. ‘आय हॅव मच वर्क’पेक्षा ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’ हेच स्वाभाविक. ‘मच’ची खरी जागा प्रश्नात आणि नकारात.

‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’ यांत मात्र एका अक्षराने अर्थ फिरतो. ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर’ म्हणजे इथे माझे थोडेफार मित्र आहेत. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर’ म्हणजे इथे मला फारसे कुणी नाही. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’चेही तसेच.

दोन्हीकडे असणारे शब्द

यादी पाठ करणाऱ्यांचा विश्वास इथे डळमळतो. ‘हेअर’ अनकाउंटेबल म्हणून पाठ केले, आणि कुठेतरी वाचले ‘देअर इज अ हेअर ऑन युअर कोट’. मग खरे काय? दोन्ही खरे. डोक्यावरचे केस सगळे मिळून ‘हेअर’, सुटा पडलेला एक केस ‘अ हेअर’. जात शब्दाला कायमची चिकटलेली नसते, ती त्या वाक्यातल्या अर्थाची असते.

हे बदल मनमानी नाहीत, त्यांना वाटा आहेत. पदार्थावरून वस्तू ही एक वाट: ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला, ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, ‘ॲन आयर्न’ म्हणजे इस्त्री, ‘पेपर’ म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. सर्वसाधारण कल्पनेवरून एक प्रसंग ही दुसरी: ‘एक्स्पिरियन्स’ म्हणजे कामाचा अनुभव, ‘ॲन एक्स्पिरियन्स’ म्हणजे आयुष्यात घडलेली एखादी गोष्ट. म्हणून नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव मेनी एक्स्पिरियन्सेस इन टीचिंग’ लिहिले तर अर्थ लागतो की शिकवताना अनेक किस्से घडले. तिथे ‘आय हॅव अ लॉट ऑफ एक्स्पिरियन्स इन टीचिंग’ हवे. तिसरी वाट मापाची: आपण ‘दोन कॉफी’ म्हणतो तसे इंग्रजीत ‘टू कॉफीज’ म्हणतात, मनात कप असतो. चौथी प्रकाराची: ‘ऑइल’ म्हणजे तेल, ‘ऑइल्स’ म्हणजे तेलांचे प्रकार.

‘टाइम’ आणि ‘रूम’ तर रोजचे. ‘आय हॅव नो टाइम’ म्हणजे वेळ नाही, ‘थ्री टाइम्स’ म्हणजे तीनदा. ‘देअर इज नो रूम’ म्हणजे जागा नाही, ‘देअर इज नो रूम ऑन धिस फ्लोअर विथ अ विंडो’मध्ये खोली.

अनेकवचनाने अर्थच पालटतो असे काही शब्द आहेत आणि त्यांची चूक महागात पडू शकते. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, ‘डॅमेजेस’ म्हणजे न्यायालयाने द्यायला लावलेली भरपाई. पुरात झालेल्या हानीचा अहवाल लिहिताना ‘द फ्लड कॉज्ड मेनी डॅमेजेस’ नव्हे, ‘अ लॉट ऑफ डॅमेज’. ‘वर्क्स’ म्हणजे कामे नव्हेत, एखाद्या लेखकाच्या किंवा कलावंताच्या कृती. ‘कस्टम’ म्हणजे रूढी, ‘कस्टम्स’ म्हणजे रूढी किंवा सीमाशुल्क विभाग.

एस दिसतो पण एकवचनी, आणि त्याच्या उलट

‘न्यूज’, ‘मॅथमॅटिक्स’, ‘फिजिक्स’, ‘इकॉनॉमिक्स’, ‘मीझल्स’ यांना शेवटी एस आहे, तरी क्रियापद ‘इज’. उलट ‘पोलीस’, ‘पीपल’ आणि ‘कॅटल’ यांना एस नाही, तरी ‘आर’.

चष्मा, कात्री, पँट मराठीत एक असते. इंग्रजीत ‘ग्लासेस’, ‘सिझर्स’, ‘ट्राउझर्स’ नेहमी अनेकवचनी, कारण प्रत्येकात दोन जुळे भाग आहेत. ‘व्हेअर आर माय ग्लासेस?’ एक म्हणायचे असेल तर ‘अ पेअर ऑफ ग्लासेस’. ‘क्लोद्स’चे तर एकवचनच नाही, एक कपडा म्हणायचा तर ‘शर्ट’, ‘ड्रेस’ असे नाव घ्या किंवा ‘ॲन आयटम ऑफ क्लोदिंग’ म्हणा.

लिहून झाल्यावर कसे तपासायचे

संगणकातल्या स्पेलिंग तपासणीवर विसंबू नका. ‘रिसर्चेस’, ‘वर्क्स’, ‘प्रोग्रेसेस’, ‘डॅमेजेस’, ‘एव्हिडन्सेस’ हे शब्द क्रियापदाची रूपे म्हणून किंवा वेगळ्या अर्थाने भाषेत आहेतच, त्यामुळे स्पेलिंगपुरते पाहणारी तपासणी ते मुकाट्याने सोडून देते.

मजकूर दोनदा वाचा, दोन वेगळ्या कामांसाठी. पहिल्या वाचनात फक्त ‘अ’, ‘ॲन’, ‘अनदर’, ‘एव्हरी’, ‘ईच’, ‘मेनी’ आणि ‘वन ऑफ’ यांवर थांबा, पुढचे नाम शोधा, मधले विशेषण झाका, आणि त्या नामात एक नग आहे का ते पाहा. दुसऱ्या वाचनात उलटे करा: एस नसलेले आणि आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’ असे काहीही नसलेले नाम शोधा. असे उघडे नाम एक तर अनकाउंटेबल असले पाहिजे, नाही तर ‘अ’ किंवा ‘द’ राहिला आहे. पहिले वाचन ‘अ वर्क’ पकडते, दुसरे ‘आय बॉट कार’ पकडते. दोन्ही एकदम करायला गेलात तर दोन्ही निसटतात.

खात्री नसेल तेव्हा शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी शब्दकोश उघडा. साध्या कोशात ही माहिती बहुधा नसते, शिकणाऱ्यांच्या कोशात नामापुढे सी किंवा यू हे अक्षर असते: सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, त्यात ही विभागणी होती. जपानी भाषेतही आर्टिकल नाही आणि अनेकवचनाची सक्ती नाही, त्यामुळे त्या विद्यार्थ्यांची अडचण आपल्या अडचणीच्या फार जवळची होती. कोश पाहताना पहिले अक्षर बघून पान बंद करू नका. ‘एक्स्पिरियन्स’, ‘पेपर’, ‘हेअर’ यांच्या प्रत्येक अर्थापुढे वेगळे अक्षर असते. आपल्याला हवा तो अर्थ शोधून त्याच्यापुढचे अक्षर पाहा.

आणि स्वतःची यादी करा, छापील नको. प्रत्येकाच्या चुका मोजक्याच शब्दांभोवती फिरतात. कुणाचे ‘वर्क’ आणि ‘हेल्प’ चुकते, कुणाचे ‘फीडबॅक’ आणि ‘इक्विपमेंट’. आपल्या जुन्या मजकुरातल्या लाल खुणा गोळा करा, शब्दाशेजारी त्याची मोजता येणारी जोडी लिहा आणि खाली आपल्याच कामातले एक पूर्ण वाक्य. वाक्य पूर्ण असले पाहिजे, क्रियापद आणि सर्वनामासकट, नाही तर ‘इट’ आणि ‘देम’चा घोळ राहतोच.

जे शब्द अजूनही अडतील

‘ई-मेल’: मूळचा ‘मेल’ अनकाउंटेबल, पण ‘ॲन ई-मेल’, ‘थ्री ई-मेल्स’ आता सर्रास बरोबर.

‘सॉफ्टवेअर’: इथे अजून तशी मुभा नाही. ‘अ सॉफ्टवेअर’ किंवा ‘सॉफ्टवेअर्स’ लिहू नका; ‘अ प्रोग्रॅम’, ‘ॲन ॲप’ किंवा ‘अ पीस ऑफ सॉफ्टवेअर’ लिहा.

‘फीडबॅक’: अनकाउंटेबल. अनेक अभिप्राय आले असतील तर ‘कॉमेंट्स’ म्हणा.

‘डेटा’: मुळात ‘डेटम’चे अनेकवचन. शास्त्रीय लेखनात ‘द डेटा आर’ दिसते, इतरत्र ‘द डेटा इज’ रूढ आहे. दोन्ही चालतात, एका मजकुरात एकच ठेवा. ‘डेटाज’ मात्र कुठेच नाही.

‘अकॉमोडेशन’: ब्रिटिश इंग्रजीत अनकाउंटेबल, अमेरिकन इंग्रजीत राहण्याच्या सोयीसाठी ‘अकॉमोडेशन्स’ असे अनेकवचन चालते. वाचणारा कोण आहे ते पाहून ठरवा.

‘फ्रूट’: सर्वसाधारण अर्थाने अनकाउंटेबल, ‘ईट मोअर फ्रूट’. वेगवेगळ्या जातींची फळे म्हणायची असतील तर ‘फ्रूट्स’ चालते.